लॅपटॉपच्या पडद्याचें दुखणें



घरांतील एखादें यंत्र बिघडलें कीं मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. कोणी त्याला थापट मारून पाहतो, तर कोणी तें काखोटीला मारून थेट दुकान गांठतो. पहिल्या उपायांत आशा असते, दुसऱ्यांत घाई असते. विचार मात्र दोहोंतही नसतो. लॅपटॉपच्या पडद्याला विकार जडला म्हणजे ही घाई अधिकच वाढते. त्या यंत्रांतील सारा व्यवहार मनुष्य पडद्याच्या द्वारेंच पाहत असतो. त्यामुळें पडदा थरथरूं लागला, त्यावर रेघा उमटल्या किंवा तो काळा पडला, कीं यंत्रच गेलें आणि त्याबरोबर मुलाचा प्रवेशअर्ज, घरचा हिशेब आणि दहा वर्षांचीं छायाचित्रेंही गेलीं, असें घरच्या मंडळींस वाटूं लागतें.

वस्तुतः तसें क्वचितच असतें. पडदा काळा पडला तरी आंतील लेखसंग्रह बहुधा सुखरूप असतो. परंतु ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें कोणी सुस्थितींतील यंत्र भंगारांत टाकतो, तर कोणी ज्या भागांत दोष नाहीं त्याच भागाची किंमत मोजून येतो. तेव्हां रुपया खर्च करण्यापूर्वीं विचार कोणत्या क्रमानें करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम पडद्यावर चित्र येतें कसें, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. आजच्या साधारण लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. त्यांची संख्या ६२,२०,८०० भरते. आणि हें सर्व चित्र साधारणपणें सेकंदाला ६० वेळां नव्यानें रेखाटलें जातें. एवढ्या प्रचंड कामांत लहानशी चूकही डोळ्यांस लगेच दिसावी, यांत नवल नाहीं.

हें काम पांच ठिकाणीं वांटलेलें असतें. चित्र कसें काढावयाचें याची आज्ञा ड्रायव्हर नांवाची आज्ञावली देते. ती आज्ञा ग्राफिक्स चिप पाळते व चित्राचा हिशेब करते. तयार झालेला संदेश एका अरुंद, लवचीक केबलमधून झांकणाच्या बिजागरीजवळून वर चढतो. वर पडद्याला जोडलेली एक छोटी पट्टी तो संदेश घेऊन ओळीओळीनें वांटून देते. शेवटीं कांचेचें पॅनेल आणि त्यामागचा बॅकलाइट, म्हणजे मागून पडणारा उजेड, मिळून तें चित्र दृश्य करतात. आज्ञा, चिप, केबल, पट्टी आणि पॅनेल ही साखळी ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सारा विचार सोपा होतो. दुखणें यांपैकीं कोणत्या कडीचें आहे, एवढाच मग प्रश्न उरतो.

पॅनेलमधील द्रवस्फटिक हा पदार्थ मोठा विलक्षण आहे. तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे कण स्फटिकाप्रमाणें शिस्तीनें उभे राहतात. इ. स. १८८८ मध्यें फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास तो आढळला. भारताचाही या शास्त्रास हातभार लागलेला आहे. बंगलोर येथील रामन संशोधनसंस्थेंत एस्. चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ मध्यें तबकडीच्या आकाराच्या कणांचे द्रवस्फटिक शोधून काढले. विद्युत्दाबानें हे कण आपली दिशा पालटतात आणि मागचा उजेड अडवितात किंवा पुढें जाऊं देतात. तेव्हां द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीं, तो केवळ खिडकीच्या पडद्यासारखा उघडतो आणि मिटतो. अलीकडच्या कांहीं लॅपटॉपांत ओलेड जातीचे पडदे असतात. त्यांत प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी असतो व मागचा दिवा नसतो. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां निदानाकडे वळूं. आपल्याकडील वैद्यकांत रोग्याची परीक्षा दर्शन, प्रश्न आणि स्पर्शन अशा तीन प्रकारांनीं करावी, असें सांगितलें आहे. यंत्राच्या रोग्यालाही हाच नियम लागू पडतो.

दर्शन म्हणजे विकाराचें रूप नीट पाहणें. "पडदा बिघडला" एवढें म्हणणें म्हणजे "प्रकृति बरी नाहीं" म्हणण्यासारखें आहे. त्यावरून औषध देतां येत नाहीं. वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची बारीक उभी रेघ सदैव एकाच जागीं दिसत असेल, तर दोष बहुधा पॅनेलच्या कडेच्या जोडणींत असतो. शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत असेल, तर आंतील कांच तडकलेली असते. चित्रावर रंगीत चौकोन किंवा ठिपक्यांची जाळी उमटत असेल, तर संशय ग्राफिक्स चिपवर आणि तिच्या स्मृतीवर जातो. झांकण हलवितांच चित्र थरथरत असेल, तर केबलकडे पाहावें. एखादाच ठिपका काळा किंवा रंगीत राहून गेला असेल, तर तो त्या ठिपक्याचाच दोष होय, यंत्राचा रोग नव्हे. आणि चित्र अगदीं अंधुक असून जवळून पाहतां अक्षरांच्या सावल्या दिसत असतील, तर चित्र येत आहे, उजेड मात्र गेला आहे, असें समजावें.

प्रश्न म्हणजे रोगाचा इतिहास विचारणें. विकार कोणत्या दिवशीं सुरू झाला? त्याच्या आदल्या दिवशीं यंत्रानें कांहीं नवी सुधारणा आपोआप उतरवून घेतली होती काय? यंत्र पडलें होतें काय? कळफलकावर पेन किंवा इयरफोन राहून झांकण मिटलें गेलें होतें काय? कॅमेऱ्यावर लावलेली जाड चकती झांकण मिटतांना कांचेवर दाबली जाते. २०२० मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या ग्राहकांस अशी चकती लावून झांकण मिटूं नये असा स्पष्ट इशारा दिला होता. विकार केवळ चार्जर लावला असतां दिसतो, कीं बॅटरीवर असतांना? यंत्र सुरू होतांच दिसतो, कीं तासाभरानें तें तापल्यावर? या प्रश्नांचीं उत्तरें एका कागदावर लिहून काढावींत. दुकानदारापुढें ठेवण्यासही तो कागद उपयोगी पडतो. जो गृहस्थ तारीखवार हकीगत सांगतो, त्याला उडवाउडवीचें उत्तर देणें कठीण जातें.

स्पर्शन म्हणजे थापट नव्हे. स्पर्शन म्हणजे हेतुपूर्वक केलेली कसोटी. येथें न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाचा नियम कामास येतो. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतां दुसरें नसतें, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत याच पद्धतीचें विवेचन केलें आहे. व्यवहारांत तिचा अर्थ एवढाच कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय पालटतें तें पाहावें. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पडदा सुधारला, तर आनंद होईल, पण कारण कळणार नाहीं; आणि विकार पुन्हां उद्भवला म्हणजे पहिल्यापासून आरंभ करावा लागेल.

पहिली कसोटी अगदीं सोपी आहे. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें आणि कंपनीचें बोधचिन्ह दिसतें त्या क्षणाकडे लक्ष द्यावें. त्या वेळीं विंडोज व तिचा ड्रायव्हर अद्याप जागे झालेले नसतात. बोधचिन्हावरही रेघा दिसल्या, तर आज्ञावली निर्दोष असून दोष यंत्राच्या अंगांतच आहे. बोधचिन्ह स्वच्छ दिसून विकार नंतर सुरू झाला, तर ड्रायव्हरवर संशय घेण्यास जागा आहे.

दुसरी कसोटी दूरदर्शन संचाची. लॅपटॉपच्या बाजूस एचडीएमआयचें छिद्र असल्यास त्यांतून केबल काढून ती घरच्या टीव्हीस जोडावी. विंडोजची कळ धरून पी दाबलें कीं चित्र कोठें दाखवावयाचें याची निवड समोर येते. पडदा पूर्ण काळा असला तरी ही निवड टीव्हीवर दिसूं शकते. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलें, तर दोष बहुधा केबल, पट्टी किंवा पॅनेल यांत आहे. टीव्हीवरही तेच रंगीत चौकोन उमटले, तर दोष चिप किंवा ड्रायव्हर यांत आहे. मात्र कांहीं यंत्रांत दोन ग्राफिक्स चिपा असतात आणि टीव्हीचें छिद्र दुसऱ्या चिपेस जोडलेलें असतें. अशा यंत्रांत एवढ्याच कसोटीवर निकाल देऊं नये.

तिसरी कसोटी म्हणजे पडद्याचें चित्र यंत्राकडूनच टिपून घेणें, ज्यास स्क्रीनशॉट म्हणतात. तें चित्र फोनवर पाठवून पाहावें. फोनवरही विकार दिसला, तर चूक चित्र रचतांनाच झालेली आहे. फोनवर चित्र निर्मळ असेल, तर चूक पुढच्या प्रवासांत झाली असण्याचा संभव अधिक.

चौथी कसोटी बिजागरीची. झांकण हलक्या हातानें थोडें पुढें, थोडें मागें करावें. ठराविक कोनांत चित्र नीट आणि दुसऱ्या कोनांत बिघडलेलें दिसलें, तर केबल सैल झाली आहे किंवा झिजली आहे. पांचवी कसोटी काळ्या पडद्यासाठीं आहे. खोलींत अंधार करून फोनच्या विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. अक्षरें अंधुक दिसलीं, तर बॅकलाइट गेला आहे. ओलेड पडद्यास मात्र ही कसोटी लागू नाहीं, कारण तेथें मागचा दिवाच नसतो.

दोष आज्ञावलींत आहे असें ठरलें, तर उपाय बिनखर्ची आहेत. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या कीं ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हां सुरू होतो. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि उघडीं असलेलीं कामें जशींच्या तशीं राहतात. पडदा सारखा थरथरत असेल, तर टास्क मॅनेजर नांवाची खिडकी उघडून पाहावी. तीही इतर चित्राबरोबर थरथरली, तर दोष ड्रायव्हरचा. ती स्थिर राहून बाकीचें थरथरलें, तर एखादी न जुळणारी आज्ञावली गुन्हेगार आहे, ती काढून टाकावी. सेफ मोडमध्यें यंत्र सुरू केलें असतां विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरते. तेथें पडदा शांत राहिला, तर संशय दृढ झाला. मग नव्या सुधारणेनंतर बिघाड झाला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून पूर्वीच्या ड्रायव्हरकडे परत जावें, किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा. चार्जर काढतांच थरथर सुरू होत असेल, तर बॅटरीवर असतांना वीज वांचविण्यासाठीं यंत्र आपोआप उजेड कमी-अधिक करतें काय, किंवा सेकंदाला चित्र रेखाटण्याचा वेग बदलतें काय, हें सेटिंगांत तपासावें. पुष्कळदां तो बिघाड नसून काटकसर असते.

आतां यंत्राच्या अंगांतील दोषांकडे पाहूं. ग्राफिक्स चिपेचा मोठा शत्रु उष्णता. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला कीं खालचीं हवेचीं छिद्रें बुजतात. पंख्यावर धूळ सांचली कीं गरम हवा बाहेर पडत नाहीं. चिप तापते, निवते, पुन्हां तापते. तापतांना प्रसरण आणि निवतांना आकुंचन होऊन तिच्याखालचे बारीक सांधे थकतात. हा प्रकार किती मोठा होऊं शकतो, याचें उदाहरण २००८ सालचें आहे. त्या वर्षीं जुलैमध्यें एनव्हिडिया कंपनीनें आपल्या कांहीं लॅपटॉप-चिपांच्या बांधणींतील पदार्थ कमकुवत ठरल्याचें मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. अशा वेळीं मदरबोर्ड भट्टींत घालून तापविण्याचा एक अघोरी उपाय लोक करीत. त्यानें यंत्र कांहीं दिवस चालतें आणि पुन्हां पडतें. शिवाय घरांत विषारी वाफा होतात. तो करूं नये. टेबलावर सपाट जागा द्यावी आणि पंखा वेळेवर साफ करवून घ्यावा, हें पथ्य पुरेसें आहे.

केबलच्या दुखण्याचेंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ॲपलच्या २०१६ सालच्या मॅकबुक प्रो यंत्रांत पडद्याची पातळ केबल बिजागरीपाशीं अशी वळविलेली होती कीं, प्रत्येक उघडझांपीला तिच्यावर ताण पडे. कालांतरानें पडद्याच्या खालच्या कडेला रंगभूमीवरील झोतांसारखे उजेडाचे पट्टे दिसूं लागले आणि झांकण फार उघडलें कीं पडदाच काळा पडे. आयफिक्सिट या दुरुस्ती करणाऱ्या संस्थेनें जानेवारी २०१९ मध्यें हें कारण उघड केलें. २०१८ च्या यंत्रांत कंपनीनें तीच केबल सुमारें २ मिलिमीटर लांब केली होती, असेंही तिला आढळलें. मे २०१९ मध्यें कंपनीनें १३ इंची यंत्रांसाठीं विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. दोन मिलिमीटर केबल आणि एवढा मनस्ताप! यावरून घरच्यांनीं घ्यावयाचा धडा असा कीं, झांकण एका कोपऱ्यास धरून ओढूं नये, मध्यभागीं धरून सावकाश उघडावें. आणि आपल्या यंत्राच्या जातीसाठीं कंपनीनें अशी कांहीं योजना काढली आहे काय, हें खर्चापूर्वीं शोधावें.

एका दुखण्याबाबत मात्र प्रयोग करीत बसूं नये. झांकण नीट मिटत नाहीं, स्पर्शपट्टी वर उचलली गेली आहे, कळफलक मध्यें फुगला आहे, अशीं चिन्हें दिसलीं, तर आंतील लिथियम बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. तिचा दाब पडद्यावरही पडूं शकतो. अशा यंत्राचा चार्जर तत्काळ काढावा, तें बंद करावें, बॅटरी दाबूं किंवा टोंचूं नये, आणि जाणत्याच्या हातीं द्यावी. तेथें प्रश्न पडद्याचा नसून घराला आग लागण्याचा असतो.

समजा, प्रवेशअर्जाची शेवटची तारीख उद्यां आहे आणि आज सायंकाळीं पडदा काळा पडला. मंडळी घाबरतात. अशा वेळीं प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो व विझतो काय, तें पाहावें. तसें होत असेल, तर यंत्र जिवंत आहे, केवळ मुकें झालें आहे. कांहींच हालचाल नसेल, तर चार्जर काढावा, बॅटरी सहज निघत असल्यास काढावी, सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी आणि मग पुन्हां प्रयत्न करावा. अडकून राहिलेली विद्युत् निघून गेल्यानें कित्येक यंत्रें पुन्हां शुद्धीवर येतात. यंत्र जिवंत असेल, तर तें टीव्हीस जोडून आधीं अर्ज पुरा करावा. त्यानंतर लगेच महत्त्वाचे कागद व छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावींत. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. हा क्रम उलटा झाला म्हणजे पडदा नवा मिळतो आणि संग्रह हरवतो.

दुकानांत जातांनाही कांहीं गोष्टी ध्यानीं ठेवाव्यात. हमीची मुदत शिल्लक असल्यास यंत्र इतरत्र उघडूं देऊं नये. "मदरबोर्ड गेला" असें कोणी म्हटल्यास, कोणत्या कसोटीवरून, हें नम्रपणें विचारावें. बाहेरचा पडदा जोडून पाहिला काय, दुसरी केबल लावून पाहिली काय, हे प्रश्न करावेत. पॅनेल बदलावयाचें असल्यास केवळ इंच सारखे असून भागत नाहीं. जोडणीच्या पिना ३० आहेत कीं ४०, आणि मागच्या बाजूवरील क्रमांक जुळतो काय, हें पाहावें लागतें. बदलतांना बॅटरीची जोडणी आधीं सोडलीच पाहिजे, नाहीं तर बॅकलाइटचा फ्यूज उडून नवा पडदाही काळाच राहतो. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा व काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

ग्राहकाच्या पाठीशीं आतां शासनव्यवस्थाही आहे. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं एक संकेतस्थळ सुरू केलें. कंपन्यांनीं दुरुस्तीची माहिती व सुट्या भागांची सोय ग्राहकांस एकत्र द्यावी, हा त्याचा उद्देश. तक्रार असल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य मिळतें. आणि खरोखरच यंत्राचें आयुष्य संपलें असेल, तर तें कचऱ्यांत न टाकतां नोंदणीकृत केंद्राकडे द्यावें; १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचरा नियमांचें तेंच सांगणें आहे.

या साऱ्यांत अवघड असें शास्त्र थोडें आहे. धीर मात्र पुष्कळ लागतो. ज्या घरांत एक मनुष्य कागद-पेन्सिल घेऊन शांतपणें "आधीं काय झालें, मग काय झालें" हें लिहूं लागतो, त्या घरांतील मुलें तें पाहत असतात. पडदा सुधारो वा न सुधारो, कारण शोधल्यावांचून कोणाला दोष देऊं नये, ही संवय त्यांना लागते. ती संवय पुढें यंत्रांपेक्षां माणसांच्या व्यवहारांत अधिक उपयोगी पडते.